उजव्या हाताचा निर्णय

गेल्या महिन्यात एका अनोळखी बाईंचा फोन आला. त्यांच्या खांद्याच्या हाडात गाठ निघाली होती आणि आमच्या डॉक्टरांनी मला विचारूनच त्यांना माझा नंबर दिला होता. थोडी इकडची तिकडची चौकशी झाली आणि मग त्यांनी एकदम विचारलं, "तुम्ही कसं हो ठरवलंत?" मी पंधरा-वीस मिनिटं बोलले. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की ठरवण्याबद्दल मी चकार शब्द काढला नव्हता. ब्लाउजऐवजी पुढून बटणांचे शर्ट घ्या, केस आधीच बारीक कापून टाका, असलंच काहीतरी सांगत बसले होते. म्हणून हे लिहायला घेतलं.

मी प्रज्ञा. वय बेचाळीस. माहेर वर्ध्याकडचं, पण लग्नानंतर पुण्यात आले ती कर्वेनगरातच राहिले. मी कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवते. म्हणजे दिवसातले सहा तास मी हातांनी बोलते. आमच्या खुणांच्या भाषेत साधं एक अक्षर काढायलाही बहुतेक वेळा दोन्ही हात लागतात. हे आधीच सांगते, कारण पुढचा सगळा घोळ त्यामुळे झाला.

*

उजवा खांदा वर्षभर दुखत होता. चाळिशीत सगळ्यांचाच दुखतो, असं सगळ्यांनी सांगितलं. खांदा आखडलाय म्हणून शेक घेतला, तेल लावलं, व्यायाम केले. व्यायाम करून घेणारी मुलगी हुशार होती. तिसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, "मॅडम, हा आखडलेला खांदा नाही वाटत मला. फोटो काढून या, तोपर्यंत मी याला हात लावणार नाही."

एक्स-रे घेऊन मी घराजवळच्या हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी फिल्म उजेडासमोर धरली. दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकाशी कुरमुरे सांडावेत तसे पांढरे ठिपके दिसत होते. मला ते जरा सुंदरच वाटले. मग डॉक्टर उठले आणि त्यांनी स्वतः जाऊन दार लावलं. त्यांच्याकडे मी दहा वर्षं जात होते, पण त्यांना खुर्चीतून उठताना पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी तोंड उघडायच्या आधीच मला कळलं.

त्या दिवशी त्यांनी एक गोष्ट केली, तिचं मोल मला फार उशिरा समजलं. ते म्हणाले, "मी यात सुईसुद्धा घालणार नाही. तपासणीसाठी तुकडा काढायचा तो जे ऑपरेशन करणार त्यांनीच. चुकीच्या जागेवरून तुकडा काढला तर पुढे हात वाचवायचा रस्ता बंद होतो." आपल्याला जमत नाही ते जमत नाही असं म्हणणारा माणूस वेळेवर भेटला. नाहीतर पुढचं काही लिहायला उरलंच नसतं.

*

ज्यांनी ऑपरेशन केलं त्या सर्जनना मी मॅडमच म्हणते. नाव लिहिलेलं त्यांना आवडणार नाही. पन्नाशीच्या, बुटक्या, आवाज हळू. तुकड्याचा रिपोर्ट आला त्या दिवशी त्यांनी एका कोऱ्या कागदावर खांदा काढला. इतका हुबेहूब, की मी चित्राकडेच बघत राहिले.

"हा कूर्चेतून, म्हणजे सांध्यातल्या मऊ हाडातून, वाढणारा कर्करोग आहे," त्या म्हणाल्या. "सावकाश वाढतो, पण औषधांना दाद देत नाही. कापूनच काढावा लागतो, आणि सगळाच्या सगळा." मग त्यांनी काखेतून जाणाऱ्या दोन रेघा काढल्या. "ही रक्तवाहिनी. या हाताच्या नसा. तुमची गाठ इथपर्यंत आली आहे." पेन्सिलीचं टोक त्या रेघांना टेकलं होतं.

रस्ते दोन होते. पहिला, गाठीसकट हाडाचा वरचा भाग काढायचा आणि तिथे धातूचं हाड बसवायचं. कोपर आणि पंजा चालेल, खांदा मात्र वर उचलता येणार नाही. दुसरा, खांद्याच्या पात्यासकट पूर्ण हात काढायचा.

"तुम्ही काय कराल?" मिलिंदनं, माझ्या नवऱ्यानं विचारलं.

"हात राखायचा प्रयत्न करता येईल असं मला वाटतं. पण त्या वाहिनीला गाठ नुसती टेकली आहे की आत घुसली आहे, हे स्कॅनमध्ये कळत नाही. उघडल्यावरच कळेल. घुसली असेल आणि तरी मी हात ठेवला, तर गाठ तिथेच मागे राहील." त्या माझ्याकडे वळल्या. "म्हणून मला तुमच्याकडून दोन्हींची परवानगी लागेल. नाहीतर मग आधीच हात काढायचा ठरवा, तोही चुकीचा निर्णय नाही. आठ दिवस घ्या."

म्हणजे मी भूल घेऊन झोपणार, आणि उठल्यावर हात आहे की नाही ते कळणार.

*

घरी आल्यावर मिलिंदनं दोन दिवस फोनवर काढले. हडपसरला त्याच्या कंपनीतल्या कुणाचा मेहुणा डॉक्टर, कुणाची बहीण दुसऱ्या शहरात मोठ्या रुग्णालयात. तिसऱ्या दिवशी तो माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, "मी सगळ्यांशी बोललोय. काढून टाकूया."

"काढून टाकूया?"

"धोका कशाला घ्यायचा? मला तू हवी आहेस, हात नको."

"तुला नकोय. तुझा आहे का तो?"

आमची बारा वर्षांची मुलगी, मैत्रेयी, आतल्या खोलीतून बाहेर आली आणि दारात थांबली. मी आणखी बोलले. वाईट बोलले. माझ्या शाळेत तू पंधरा वर्षांत किती वेळा आलास, माझ्या मुलांची एक तरी खूण तुला येते का, असलं. मिलिंद उठून गॅलरीत गेला. तो रडत होता हे मला पाठीवरून कळत होतं, तरी मी गेले नाही. आजारपणात घरातली माणसं जवळ येतात असं वाचलं होतं. आमच्याकडे आधी प्रत्येकानं आपापला कोपरा धरला.

वर्ध्याहून आई आली होती. ती सगळं ऐकून होती. संध्याकाळी माझ्याशेजारी बसून लसूण सोलता सोलता म्हणाली, "तू त्याच्यावर काऊन चिडून राहिली वं? त्याले भेव वाटते."

"आणि मला नाही वाटत?"

"तुले वाटतेच. पण तुले निदान ठरवाले भेटते. त्याले नुसतं पाहाचं हाय."

*

मॅडमनी दोन माणसांशी बोलायला सांगितलं होतं. दोघांनाही त्यांनी आधी विचारलं होतं.

पहिली रुचा, कॉलेजात शिकणारी. तिचा हात राखला होता. ती आमच्या घरीच आली आणि मैत्रेयीसमोर टी-शर्ट कसा घालायचा ते करून दाखवलं: आधी आजारी हात बाहीत, मग डोकं, मग चांगला हात. केस विंचरायचे तर डोकं खाली आणायचं, हात वर न्यायचा नाही. "ताई, ऑनेस्टली सांगू? मला वाटलं होतं हात वाचला म्हणजे सगळं पहिल्यासारखं. नाही होत. मध्ये इन्फेक्शन झालं, परत उघडावं लागलं. वाचवलेला हात म्हणजे जुना हात नाही." मग ती हसली आणि त्याच हातानं कपातला चहा ढवळला. सावकाश, कोपर टेबलावर टेकवून.

दुसरे आपटेकाका. शनिवार पेठेत राहणारे, बँकेतून निवृत्त. अकरा वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात खांद्यासकट काढला होता. जिना चढून गेलो तर दारावर पाटी: 'बेल एकदाच वाजवावी. ऐकू येते. यायला वेळ लागतो.'

"बसा," काका म्हणाले. "चहा घेणार असाल तर आत्ताच सांगा. नाही नाही म्हणून मग घेणारी माणसं मला चालत नाहीत."

मी घेते म्हटलं. मिलिंदही मुकाट्यानं हो म्हणाला. काकांनी एका हातानं गॅस पेटवला, दुधाची पिशवी दातांनी कोपऱ्यात फोडली, आलं किसणी पोटाशी दाबून किसलं. मदत करायची कुणाची छाती झाली नाही. शर्टाची उजवी बाही त्यांनी दुमडून पिनेनं नीट लावली होती. मी तिकडे बघायचं टाळत होते.

"बघा की," ते म्हणाले. "बघायलाच आला आहात ना?"

मग मी बघितलं. खांदा नव्हताच. मानेपासून शर्ट सरळ खाली उतरत होता. मला वाटलं होतं मी घाबरेन. पण मी नुसती बघत राहिले. एवढं गेलं आणि माणूस एवढा शाबूत!

"तुम्हाला निवडायला मिळालं होतं?" मी विचारलं.

"छे. उशीर झाला होता. तुम्हाला मिळतंय तर मिजास करा." मग त्यांचा आवाज बदलला. "एक सांगतो, हे डॉक्टर सांगत नाहीत. हात जात नाही हो. तो इथेच आहे." त्यांनी रिकाम्या जागेकडे मान वळवली. "मूठ वळलेली आहे. रोज सकाळी पलंगावर बसून ती उघडतो. एकेक बोट. पाच मिनिटं लागतात. मग दिवस बरा जातो."

मी माझ्या उजव्या हाताकडे पाहिलं. तो कपाच्या कानात बोट घालून निमूट बसला होता.

निघताना मिलिंदनं विचारलं, "काका, आम्ही काय करावं?"

"ते मी कसं सांगू? मी काय ज्योतिषी आहे? पण सही करायची तर दोन्हींवर करा, आणि उठल्यावर जे असेल त्यासाठी एकमेकांना धारेवर धरू नका. घरातलं भांडण दोन हातांनीही आवरत नाही."

*

ऑपरेशनच्या आधी मी एक दिवस वर्गात गेले. माझ्या वर्गात आठ-नऊ वर्षांची अकरा मुलं. मुख्याध्यापिका म्हणाल्या होत्या की मुलांना 'बाई गावाला गेल्या' असं सांगू. मला ते पटलं नाही. ऐकू न येणाऱ्या मुलांपासून लोक आयुष्यभर गोष्टी लपवतात, कारण लपवणं सोपं असतं. मी त्यांना खांदा दाखवला, गाठ सांगितली, हात कदाचित नसेल हेही सांगितलं.

मग तस्लिमा उठली. ती वर्गात सगळ्यांत कमी बोलायची. तिनं खुणेनं विचारलं, "हात गेला तर बाई मुक्या होणार?"

मी खरंच सांगितलं, "माहीत नाही."

त्याच दुपारी मी मॅडमकडे जाऊन संमतीपत्रावर सही केली. दोन्हींवर. आणि त्यांना म्हटलं, "हात राखायचा प्रयत्न करा. मला तो हवा आहे, खूप हवा आहे. पण आत गेल्यावर शंका आली तर माझ्यासाठी थांबू नका." हे बोलताना माझा आवाज स्थिर होता. लिफ्टमध्ये मिलिंदनं मला धरलं, आणि आम्ही दोघं तळमजल्यावर उतरायचं विसरून परत वर गेलो.

फोनवर त्या बाईंनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर हेच असावं. मी हात की जीव असं ठरवलंच नाही. उघडल्यावर काय दिसेल ते माझ्या हाती नव्हतं. कुणाच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा, एवढंच माझ्या हाती होतं. ते मात्र मी पूर्ण शुद्धीत ठरवलं.

*

जाग आली तेव्हा आधी छताचा दिवा दिसला. मग कुठेतरी यंत्राचा टिकटिक आवाज. मानेपर्यंत पांघरूण होतं. डाव्या हाताला सलाईन, मान वळेना.

मला उजवा हात जाणवत होता. जड, पण होता. पंजा, बोटं, सगळं. क्षणभर आनंद झाला आणि लगेच आपटेकाका आठवले. त्यांनाही जाणवतो की! जाणवण्यावर आता माझा भरवसा राहिला नव्हता. मी सिस्टरला विचारू शकले असते. घसा कोरडा होता, पण आवाज फुटला असता. मी विचारलं नाही. डोळे मिटून पडून राहिले. जितका वेळ विचारणार नाही तितका वेळ हात आहे, असं काहीतरी डोक्यात होतं.

मिलिंद आत आला. टोपी, मास्क, नुसते डोळे दिसत होते. त्यानं पांघरूण बाजूला केलं, खाली वाकला आणि दोन्ही हातांनी काहीतरी अलगद उचलून माझ्या डोळ्यांसमोर धरलं. एक पंजा होता. सुजलेला, पिवळट, बोटाला चिमटा लावलेला आणि चिमट्यातून लाल उजेड येत होता. मला आधी तो कुणाचा ते कळेना. मग अंगठ्याजवळचा तीळ दिसला.

नंतर आईनं जे सांगितलं ते मला आजही खरं वाटत नाही. ऑपरेशन सुरू होऊन चार तास झाले असताना मॅडम दाराशी आल्या होत्या. मिलिंदला म्हणाल्या, "वाहिनीपाशी पोचले आहे. अजून अर्धा तास प्रयत्न करते. नाही सुटली तर हात काढावा लागेल. सांगून ठेवते." आई बाकावर बुद्धवंदना म्हणत बसली होती, ती थांबली. तिला वाटलं, आता हा म्हणणार, काढूनच टाका, वेळ घालवू नका. हेच तर तो आठ दिवस म्हणत होता.

"तिनं तुम्हाला जे सांगितलंय तेच करा," मिलिंद म्हणाला.

आई सांगत होती, "जवाईबापू बाकाले धरून उभा होता, पण बोलला बरोबर."

दोन दिवसांनी मॅडम पलंगाशी आल्या. मी विचारलं, वाहिनी कशी सुटली? त्यांनी बोटांची चिमूट केली. "एक पापुद्रा होता. कांद्याच्या सालीहून पातळ. गाठ आणि वाहिनी यांच्यामध्ये तो शाबूत होता. तो तुमच्या शरीरानं धरून ठेवला होता. मी फक्त त्याच्या कडेकडेनं गेले." सात तास उभ्या राहिलेल्या बाई हे असं सांगत होत्या, जणू त्यांनी काही केलंच नाही! मला कुणाचं नवल करावं ते कळेना. त्यांचं, की वर्षभर मी शेकत, चोळत, शिव्या देत असलेल्या त्या खांद्याचं. मला न सांगता तो आत एवढंसं काहीतरी राखून होता.

*

इथेच थांबले तर खोटं होईल. हात राहिला, पण पंजा उघडेना. नस ताणली गेली होती. मनगट लोंबायचं. मूठ मिटायची ती मिटलेलीच राहायची. मॅडम म्हणाल्या, नस तुटलेली नाही, दुखावली आहे, येईल. कधी, ते सांगता येत नाही.

दोन महिने गेले. वेणी मैत्रेयी घालायची, माझी आणि स्वतःची. घास डाव्या हातानं. मी चिडायचे, रडायचे, हा असा हात ठेवून काय मिळवलं असंही एकदा म्हणाले. मिलिंदनं ऐकलं आणि भाजी चिरत राहिला. 'तरी मी म्हणत होतो' हे वाक्य त्यानं तेव्हाही उच्चारलं नाही आणि आजवर नाही. या सगळ्या आजारात मला मिळालेली ही सगळ्यांत मोठी भेट आहे.

एका सकाळी आई मेथी निवडत होती. माझा हात टेबलावर ठेवलेला होता, मी खिडकीबाहेर बघत होते.

"प्रज्ञा, अंगठा हालला वं!"

"कुठे?"

"आत्ता हालला. मी पाह्यला. पुन्हा कर."

मी पुन्हा केलं. काय केलं ते मला सांगता येणार नाही. मनातल्या मनात अंगठ्याला हाक मारली म्हणा. तो थरथरला आणि गव्हाच्या दाण्याएवढा वर उठला. मेथीची जुडी तशीच राहिली. एक अंगठा वर उठावा म्हणून मानेपासून मनगटापर्यंत किती काय जुळून यावं लागतं, हे बेचाळीस वर्षांत मला एकदाही सुचलं नव्हतं. त्या दिवशी मी तो तीस-चाळीस वेळा उचलला. मिलिंद आल्यावर परत.

*

आता कोपर वाकतं, पंजा उघडतो, खडू धरता येतो. खांदा उठत नाही. उजवा पंजा छातीच्या वर फारसा जात नाही. ठरावीक महिन्यांनी, फुफ्फुसात काही पसरलं नाही ना ते बघायला, छातीचा स्कॅन असतो आणि त्याच्या आदल्या आठवड्यात आमच्या घरात कुणीच कुणाशी धड बोलत नाही. भीती गेलेली नाही. तिची सवय झाली आहे.

शाळेत परत गेले त्या दिवशी पाठ होता हवामानाचा. आमच्या शाळेत 'सूर्य' ही खूण उजव्या हातानं, डोक्याच्या वर करतात. मी डाव्या हातानं केली. ती वेडीवाकडी झाली आणि पुढच्या शब्दात हात अडकले. पुन्हा केली. मुलं एकटक बघत होती.

तस्लिमा जागेवरून उठली. माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि तिनं 'सूर्य' केला, पण पोटाशी. उजवा हात कोपराशी वाकवून, बोटं मिटून मग उघडून, तंतोतंत तोच सूर्य, फक्त खाली. मग तिनं माझ्या हाताकडे बोट दाखवलं. मी करून पाहिला. आला. तिनं मागे वळून वर्गाला दाखवला, आणि दहाच्या दहा मुलांनी हात खाली आणून तो केला. तासाभरात 'ढग' खाली आला, 'विमान' खाली आलं, कपाळाशी होणारी 'आठवण' बरगडीपाशी आली. कुणी सांगितलं नव्हतं. अकरा मुलांनी माझ्यासाठी अख्खी भाषा वीतभर खाली सरकवली, आणि डबा खायला पळून गेली.

यंदा जूनमध्ये आमच्या वर्गात एक नवी मुलगी आली. खुणा तिला इथल्या मुलांनीच शिकवल्या. परवा दुसऱ्या वर्गाच्या बाई आमच्याकडे एक तास घ्यायला आल्या होत्या. त्यांनी रीतसर डोक्यावर सूर्य दाखवला. नव्या मुलीनं मान हलवली, जागेवरून उठून त्यांच्यापाशी गेली, त्यांचा हात धरला आणि नीट पोटापर्यंत खाली आणून ठेवला.